लाल बदाम

फोटोंच्या त्या ॲपवर लोकांना आपला फोटो आवडला की खाली एक लाल चिन्ह येतं. आमच्या घरात त्याला बदाम म्हणतात. लेकीला हे मुळीच आवडत नाही. "आई, लाईक म्हण गं, चारचौघांत हसतात," असं ती मला कितीदा तरी म्हणाली आहे. हसेनात का! आम्ही जन्मभर बदाम-सात खेळत आलो, त्या आकाराला दुसरं नाव मला सुचत नाही, आणि ह्या वयात जिभेला नवं वळण लावायची हौसही नाही.

"वाडी नारळ-सुपारीची आणि मोजतोय काय, तर बदाम," असं हे म्हणायचे. हे म्हणजे माझे यजमान. तेव्हा ते असं काहीबाही बोलून मला हसवायचे. आता माणूस घरात आहे, वेळेवर जेवतो, औषधं घेतो, पण बोलत नाही. विचारलं तर हो किंवा नाही. मी एकटीच बडबडत असते आणि भिंती ऐकत असतात. म्हणून हे लिहायला बसले.

दिवेआगरला आमचं घर रस्त्याला लागून आहे. पुढे ओटी, ती रस्त्याकडे. मागे पडवी, ती वाडीकडे. वाडी संपली की सुरूची झाडं आणि मग समुद्र. ह्यांचं सगळं आयुष्य मागच्या दारी गेलं. शाळेत कारकुनी केली तीसुद्धा सकाळचं शिंपण उरकून, आणि संध्याकाळी शर्ट काढायच्या आधी परत वाडीत हजर. पडवीत त्यांची एक लाकडी खुर्ची होती. चहा तिथे, पेपर तिथे, माझ्याशी भांडण तिथे. कुणी भेटायला आलं की मी स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "मागे जा, मागे आहेत."

पुढे गावावर वादळ आलं, त्याच्या आदल्या दिवाळीत लेकीने हे ॲपचं खूळ काढलं. ती खारघरला असते, नोकरी करते. ह्यांच्या निवृत्तीनंतर आम्ही घराच्या बाजूला पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या आणि रस्त्यावर पाटी लावून वाट बघत बसलो होतो. लेक म्हणाली, पाट्या कोण वाचतं आता, लोक फोटो बघून येतात. हे बिथरलेच. "वाडी काय लग्नाची मुलगी आहे, फोटो काढून चार घरी फिरवायला?"

"बाबा, हल्ली स्थळं अशीच येतात," ती म्हणाली. ह्यांना हसू आलं, आणि तिथेच पोरीने बाजी मारली.

मग काय, बापलेकीने वाडी पालथी घातली. हे पुढे, ती फोन घेऊन मागे. "ह्याचा काढ, ऊन आहे तोवर. हा विहिरीवरचा माड, ह्याच्यावरून मी पाण्यात उड्या मारल्यात. हा जोडमाड, जुळे भाऊ. ही पोफळींची रांग आजोबांची, आणि त्यांच्यावर मिरीचा वेल चढलाय तो माझ्या आईने लावलेला." अगदी शेवटी, समुद्राच्या अंगाला, एक उंच माड होता. ह्यांचा जन्म झाला त्या साली माझ्या सासऱ्यांनी तो लावला होता, म्हणून घरात त्याचं नावच 'बरोबरचा' पडलं होतं. त्याच्या खोडावर हात ठेवून हे म्हणाले, "ह्याचा नीट काढ हो. माझ्याच वयाचा, पण ह्याला अजून चष्मा नाही लागला."

पोरीने ते फोटो ॲपवर चढवले आणि खरं सांगते, मीसुद्धा बघत राहिले. अगोबाई, ही आमची वाडी? रोज बघून बघून आपले डोळे मेलेले असतात. बदाम यायला लागले, बदामांच्या मागून पाहुणे यायला लागले. त्या हिवाळ्यात शनिवार-रविवारी खोल्या भरलेल्या असायच्या. हे पाहुण्यांना वाडी दाखवायला न्यायचे आणि एकेका झाडापाशी इतके रमायचे की मी पानं वाढून हाका मारून दमायची. आमटी दोनदा गरम करावी लागायची आणि मी चिडायची. आता वाटतं, कशाला चिडत होते!

मग ते वादळ आलं. जूनचा महिना, आधीच साथीमुळे सगळं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आम्ही दोघं माजघरात देवांच्या कोनाड्याखाली भिंतीला पाठ लावून बसलो होतो. डोक्यावरची कौलं उडत होती. मागे काहीतरी पडत होतं, सारखं पडत होतं. सुरुवातीला हे आवाजावरून सांगत होते, "हा विहिरीवरचा गेला. ही पोफळ. आता जोडमाडातला एक." मग त्यांनी सांगायचं सोडून दिलं.

दुपार टळल्यावर वारा उतरला आणि ह्यांनी मागचं दार उघडलं. आमच्या त्या दारातून समुद्र नुसता ऐकू यायचा. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून तो तिथून कधी दिसला नव्हता. त्या दिवशी दिसला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा. हे उंबऱ्यात किती वेळ उभे होते कोण जाणे. मग त्यांनी दार लावलं, कडी घातली. पडवीतली खुर्ची मी वाऱ्याच्या भीतीने आत ओढून ठेवली होती. ती त्यांनी उचलली आणि पुढच्या ओटीवर नेऊन ठेवली, रस्त्याकडे तोंड करून.

माळ्यावरच्या ट्रंकेत फोटोंचे आल्बम होते, तिच्यात पाणी शिरलं. मी ते सुकवायला घातले, पण फोटो एकमेकांना चिकटून बसलेले. सोडवायला गेलं की चेहरे निघून हातात यायचे. सासूबाई, सासरे, आमचं लग्न, मागची वाडी, सगळ्याचा लगदा झाला. लेकीने ज्या फोनवर वाडीचे फोटो काढले होते, तो तिने पुढे दुकानात देऊन नवा घेतला. हे सगळं आता ओळीने लिहिताना दिसतंय. तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही की आमच्या वाडीचे फोटो आता त्या ॲपशिवाय कुठेही उरलेले नाहीत.

गावातल्या सगळ्याच वाड्या झोपल्या होत्या, त्यामुळे आमचं दुःख काही वेगळं नव्हतं. पंचनामे झाले, ओंडके उचलले, कौलांच्या जागी पत्रे आले. लोक हळूहळू खड्डे खणून नवी रोपं लावायला लागले. हे लावेनात. मी म्हटलं, आपणही रोपं आणू या. तर म्हणाले, "सुपारी धरायला सात-आठ वर्षं जातात." एवढंच. त्याचा अर्थ मला कळला. त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला. खोल्या भरोत न भरोत, ह्या माणसाने मागचं दार उघडून वाडीत पाऊल टाकावं. बाकी मला देवाकडे काही मागायचं नव्हतं.

बंदी उठली तसे पाहुण्यांचे फोन सुरू झाले. ठाण्याचं एक जोडपं आलं. बॅगा खाली ठेवायच्या आधी बाईने फोन माझ्या नाकासमोर धरला. "काकी, हा स्पॉट कुठेय?" बघते तर विहिरीवरचा माड. मी न्हाणीजवळच्या बोळातून त्यांना मागे नेलं आणि बुंधा दाखवला.

"पण फोटोत तर..."

"फोटो आधीचा आहे. वादळ झालं ना इकडे."

"मग तो काढून टाकायला हवा ना? ही सरळ सरळ फसवणूक आहे."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "बाई गं, फसवणूक आधी आमची झाली. तुझा नंबर नंतरचा." ती दोघं चहासुद्धा न घेता पोहण्याचा तलाव असलेल्या ठिकाणी निघून गेली. हे ओटीवर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी फक्त खुर्ची थोडी सरकवली, गाडीला वळायला जागा व्हावी म्हणून.

लेक म्हणाली, जुने फोटो काढून टाकू. मी म्हटलं, आणि त्यांच्या जागी काय लावू, बुंधे? तो विषय तिथेच राहिला. पण वडिलांना काहीतरी उद्योग हवा म्हणून तिने ते ॲप ह्यांच्या फोनवर घालून दिलं. "बाबा, लोक फोटोखाली काहीतरी लिहितात. त्यांना आपल्या खोल्यांच्या नावाने उत्तर द्यायचं. छान म्हणाले की थँक्यू लिहायचं. बास." ह्यांनी मान हलवली. ती निघून गेली आणि आम्ही विसरलो.

चार दिवसांनी तिचा फोन, आवाज टिपेला गेलेला. "आई, बाबांनी काय करून ठेवलंय ते बघितलंस का?"

बघितलं. विहिरीवरच्या माडाखाली नाशिकच्या कुणीतरी लिहिलं होतं, किती सुंदर! त्याच्याखाली आमचं उत्तर: "पडला." जोडमाडाखाली कुणी लिहिलं होतं, स्वर्ग आहे हा. आमचं उत्तर: "हे दोघेही पडले." पोफळींच्या रांगेखाली: "ही सगळी रांग पडली." पुढच्या फोटोखाली: "हाही पडला." त्याच्या पुढच्याखाली: "हाही पडला." एका दुपारी बसून ह्यांनी अख्ख्या वाडीचं असं करून ठेवलं होतं.

"बाबा, ही जाहिरात आहे हो!" लेक फोनवर जवळजवळ रडत होती. "खानावळवाला स्वतःच्या पाटीखाली लिहितो का, जेवण संपलं म्हणून?"

ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. किती दिवसांनी ते एवढं लांब वाक्य बोलले. "हे बघ, लोक विचारपूस करतायत. गेलेल्या माणसाचं नाव काढून कुणी म्हणालं, काय छान आहे हो तुमचा माणूस, तर आपण थँक्यू म्हणतो का? तो गेला हे सांगायला नको?"

मी आधी हसले. पोट धरून हसले. मग भांडी घासायच्या निमित्ताने मोरीत जाऊन रडले. आमच्याकडे कुणी गेलं की लोक समाचाराला येतात. चपला काढून ओटीवर बसतात, आणि घरचा माणूस कसं झालं ते पहिल्यापासून सांगतो, येईल त्या प्रत्येकाला सांगतो. सांगून सांगूनच ते अंगावरून उतरतं. वादळानंतर तसं कुणी आलंच नाही. घरोघरी तेच झालेलं, कोण कुणाकडे जाणार? ह्या माणसाला त्या ॲपवरचे लोक समाचाराला आलेत असं वाटलं, आणि तो आपला एकेकाला सांगत सुटला.

मी लेकीला म्हटलं, "लिहू दे गं त्यांना. कुठे आपल्या दारात रांग लागली आहे!"

मग हे रोज दुपारी चष्मा लावून बसायचे. एका बोटाने टाईप करायचे, तोंडाने अक्षरं पुटपुटत. एका शब्दाचे दोन शब्द झाले, दोनाची ओळ झाली. "हा बरोबरचा. माझ्या जन्माच्या साली वडिलांनी लावला. मी नोकरीला लागलो तेव्हा ह्याचा नारळ देवापुढे ठेवला होता. पडला." एखादी गोष्ट आठवेना की मला हाक. "अगं, हे जुळे कधीचे? आपल्या लग्नाच्या आधीचे ना?" मग मी म्हणायची नाही, ते म्हणायचे हो, आणि आमची पुन्हा पहिल्यासारखी जुंपायची. थळकडच्या एका कोळ्याने त्या बरोबरच्या माडाखाली लिहिलं, "दादा, आमचं पन सगलं गेलं. होरी पन गेली." ह्यांनी ते मला पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं. त्याला विचारलं, नवी होडी केली का? तो म्हणाला, न्हाय अजून. ह्यांनी लिहिलं, मीही अजून काही लावलं नाही. असं त्या दोघांचं चाललेलं असायचं. एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं!

एके सकाळी मिरीच्या वेलावरून वाद झाला. हे म्हणत होते, वेल तिसऱ्या पोफळीवर होता. मी म्हणत होते चौथ्या. फोटोत नीट कळत नव्हतं, कारण ह्यांना धुरकट दिसायचं आणि मला पोफळी मोजायचा कंटाळा. "थांब, तुला दाखवतोच," म्हणाले आणि उठले. सरळ मागच्या दाराशी गेले. कडी गंजून बसली होती. तिला दोन दणके दिले, दार उघडलं आणि पायऱ्या उतरून गेले.

मी जागची हलले नाही. हातात पोळी लाटायचं लाटणं होतं, ते तसंच. वाटलं, आपण श्वास जरी जोरात घेतला तरी हे मागे फिरतील. तव्यावरची पोळी जळाली. बऱ्याच वेळाने हे आले, पाय चिखलाने भरलेले. "तिसरीच. बुंध्याला वेलाची मुळं आहेत अजून." मी म्हटलं, "बरं बाई, तुमचंच खरं." भांडणात हरून एवढा आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता.

त्या दिवशी खुर्ची पुन्हा मागच्या पडवीत गेली. आठवड्याभरात ह्यांनी कुदळ काढली आणि बरोबरच्याच्या बुंध्याशेजारी एक आळं खणलं. रोप काही लगेच आणलं नाही. "गणपती होऊ देत, मग एक माड लावू. एकच हं," म्हणाले. मी म्हटलं, एक तर एक. मनात म्हटलं, एकाच्या मागून येतील बाकीचे.

खोल्यांचं मात्र काही खरं नव्हतं. कुणी ॲपवर आमचा फोटो बघायचं, खालचं पडला-पडली वाचायचं आणि पुढे जायचं. मुंबईच्या कुठल्याशा पोराने फोटो वगळून नुसती ह्यांची उत्तरं आपल्या पानावर उतरवली, वर लिहिलं की भारतातला सर्वांत प्रामाणिक होमस्टे. त्याच्यावर हसऱ्या तोंडांचा आणि बदामांचा नुसता खच पडला. फोन मात्र एकाचाही आला नाही. गाद्यांना बुरशीचा वास यायला लागला. लेक बिचारी तिकडून जीव टाकत होती. तिला वाटत होतं, खोल्या चालल्या की बाबांना हुरूप येईल. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

म्हणून तिने एक मुलगी ठरवली. अलिबागची, खोल्यांचे फोटो काढून लोकांची ॲपवरची पानं सांभाळायचं काम करणारी. वादळाला वर्ष उलटलं होतं, श्रावण लागताच ती दोन दिवस राहायला आली. खोटं कशाला बोलू, मुलगी चांगली होती. दारात चपला काढून आली, मांडी घालून जेवली, काकू-काका करत राहिली. मागच्या दारात जाऊन उभी राहिली आणि टाळी वाजवून म्हणाली, "अय्या काकू, तुमच्याकडे तर सी व्ह्यू आहे! हे तुम्ही कुठेच लिहिलं नाहीये!" काय सांगणार, की बयो, हा व्ह्यू कशाने झाला?

तिने खोल्यांत पांढऱ्या चादरी घातल्या, पितळेचा तांब्या घासून खिडकीत ठेवला, त्यात जास्वंद. मला नऊवारी नेसवून खोबरं किसायला बसवलं. नारळ दुकानातून आणावा लागला. आमच्या घरात विकतचा नारळ! मी म्हटलं, "अगं, हा आमचा नाही." ती म्हणाली, "काकू, फोटोत कळत नाही." ह्यांचाही एक फोटो काढला, त्यांना न सांगता, मागून. पडवीतल्या खुर्चीत बसलेले, समोर मोकळी जागा आणि लांबवर समुद्र. "काका किती शांत दिसतायत," म्हणाली. ती जाताना मी तिला घरचे पोह्याचे पापड बांधून दिले.

त्याच आठवड्यात ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, पनवेलला. आम्ही लेकीकडे जाऊन राहिलो. डॉक्टरांनी बजावलं, इतके दिवस फोन नाही, टीव्ही नाही, वाचन नाही. हे एरवी डॉक्टरांचं ऐकतील तर शपथ, पण ह्या वेळी ऐकलं. कारण काय, तर म्हणे, "नव्या डोळ्याने पहिल्यांदा वाडीच बघायची. मिरीचं पान न् पान दिसेल बघ आता. तुझ्याशी पैज." काळा चष्मा लावून लेकीच्या बाल्कनीत बसायचे आणि समोरच्या इमारतीकडे बघत मला सांगायचे, पहिल्यांदा कुठला फोटो उघडणार, मग कुठला. मग घरी आलो, गणपती आले, गौरी आल्या, गेल्या. घर पाहुण्यांनी भरलेलं. ह्या सगळ्यात महिना कधीच उलटून गेला होता.

विसर्जनानंतर घर रिकामं झालं, तेव्हा हे फोन घेऊन मागच्या पडवीत बसले. मी आत नैवेद्याची भांडी पुसत होते. हाक आली. "अगं, जरा इकडे ये. मला दिसत नाहीये."

"काय दिसत नाही?"

"वाडी दिसत नाहीये. डोळा बिघडला बहुतेक." एका हाताने ते एक डोळा झाकून बघत होते, मग दुसरा झाकून. पुन्हा पहिला.

मी फोन घेतला. वर खाली केलं. पांढऱ्या चादरी, पितळेचा तांब्या, जास्वंद, मी आणि तो विकतचा नारळ, समुद्र, पुन्हा समुद्र. विहिरीवरचा नाही. जुळे नाहीत. पोफळींची रांग नाही. बरोबरचा नाही. "थांबा हं, माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल," म्हटलं आणि तशीच आत जाऊन लेकीला फोन लावला.

तिने त्या मुलीला विचारून परत फोन केला. त्या मुलीने पान साफ केलं होतं. जुने फोटो धुरकट होते, शिवाय त्यांच्याखाली सगळं वाईट वाईट लिहिलेलं, धंद्याला मारक. तिचं कामच ते. काढून टाकलेलं म्हणे महिनाभर मागे राहतं, तेवढ्यात परत आणता येतं. मग कायमचं जातं.

"जातं म्हणजे कुठे जातं?" मी ओरडले.

"आई, कुठे म्हणजे... कुठे नाही गं. जातं."

थोड्या वेळाने त्या मुलीचाच फोन आला. मी शिव्यांची लाखोली तयार ठेवली होती, पण ती आधीच हुंदके देत होती. "काकू, मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं, तुमच्याकडे असतील दुसरीकडे." मी तिला सोडलं नाही तरी. म्हटलं, "मुली, वादळाने निदान बुंधे तरी ठेवले होते गं!" आणि फोन आपटला. तिचा दोष नाही हे मला कळत होतं. पण कुणाचा आहे ते कुणी सांगावं, म्हणजे मी त्याच्यावर ओरडते.

ह्यांना सांगायला गेले तर त्यांनी दारातून सगळं ऐकलेलं होतं. आरडाओरड नाही, काही नाही. एवढंच विचारलं, "त्या कोळ्याने लिहिलेलं? तेही गेलं?"

"गेलं."

त्यांनी मान हलवली. उठले, दार लावलं, कडी घातली. खुर्ची उचलून पुढच्या ओटीवर नेली. मी म्हटलं, अहो, रोप आणायचं ना? आपण आज श्रीवर्धनला जाऊ, मी येते बरोबर. ते आळं अजून तसंच आहे. आधी त्यात पाणी साचलं, मग पाला. परवा बोळातून गेले तर काठ ढासळून भरत आलं होतं. मी स्वतः रोप आणून लावलं असतं, पण मग ते माझं झालं असतं. ह्यांचं नाही.

लेक रडली, माफी मागितली, महिन्यातून दोनदा येऊन बसते. बाबांशी बोलायचा प्रयत्न करते. त्या कोळ्याला शोधायचंही तिने बघितलं, पण त्याचं नाव आमच्यापैकी कुणीच लिहून ठेवलं नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, पुन्हा लिहा ना सगळं, आठवतंय तुम्हाला. म्हणाले, "कशाच्या खाली लिहू?"

पान आता छान दिसतं. बदाम रोज येतात. लोक विचारतात, दर काय, एसी आहे का, कुत्रा चालेल का. दर सांगितला की गप्प होतात. अधूनमधून कुणी येतात, तांब्याबरोबर फोटो काढतात, मागचं दार उघडा म्हणतात, सी व्ह्यूला. मी बोळातून जायला सांगते. एवढं सगळं होऊन खोल्या भरल्या असं म्हणावं, तर तेही नाही.

काल दुपारी मी सहज आमचं पान उघडून बसले होते. त्यात ह्यांचा तो मागून काढलेला फोटो आहे. पडवीतली खुर्ची, पांढरे केस, लांबवर समुद्र. वर त्या मुलीने इंग्रजीत लिहिलंय की इथे वेळ थांबतो. तेव्हा हे माड लावायच्या गोष्टी करत होते, हे मला त्या पाठीवरूनही कळतं. खाली कुणीकुणी लिहिलं होतं, किती शांत, असं म्हातारपण हवं, काका नशीबवान. आणि सगळ्यांत शेवटी, आमच्याच नावाने, कालच सकाळी लिहिलेली एक ओळ होती.

"हाही पडला."

फोन घेऊन मी ओटीवर गेले. हे रस्त्याकडे बघत बसले होते. "अहो," म्हटलं आणि फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मान वळवली नाही. मी परत फोनकडे बघितलं. तेवढ्यात कुणीतरी त्या ओळीला एक लाल बदाम देऊन गेलं होतं.